नांदुऱ्याच्या दुकानातली बाई

ती घटना आठवली की आजही हात आपोआप कानाकडे जातो. मी तेव्हा नांदुऱ्याजवळच्या एका ठाण्यात हवालदार होतो. लिहिण्याचा मला सराव नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि तेही निवृत्तीनंतर. त्यामुळे जसे घडले तसेच सांगतो. नाव कोणाचेच घेत नाही.

खेड्यांत फोन नुकते येऊ लागले होते. आमच्या हद्दीतल्या एका गावात भर दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या छातीत कळ आली. घरी फक्त सून होती. मुलाचे नांदुऱ्याला धान्याच्या अडतीचे दुकान, गाडीही त्याच्याकडेच. सुनेने आरडाओरडा केला नाही, शेजाऱ्यांना हाक मारली नाही. सासऱ्याचे डोके मांडीवर घेऊन ती बसून राहिली. शेजारीण ताक मागायला आली तेव्हा गावाला कळले. ट्रॅक्टरवर घालून निघाले, पण म्हातारे वाटेतच गेले.

अंत्यविधी उरकल्यावर त्यांची मलकापूरला दिलेली मुलगी ठाण्यात आली.

"माह्या बापाले हिनंच मारलं, साहेब. फोन समोर अन् ही बसून राह्यली! सकाळीच भांडण झालं व्हतं दोघाइचं. तुमाले काय लिहून घ्यायचं ते घ्या, म्या तिले त्या घरात राहू देणार नाई."

मोठ्या साहेबांनी तक्रार अर्ज माझ्या हातात दिला. "बयाण घेऊन या," एवढेच म्हणाले.

मी गेलो तेव्हा सुनेची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. तिच्या बापाला न्यायला बोलावले होते. एकदा ती अशी माहेरी गेली असती, तर सासऱ्याला मारणारी म्हणूनच जन्मभर जगली असती.

नवऱ्याचे बयाण सरळ होते. "म्या रोज दुकानातून घरी फोन करतो, चांगला लागते. त्या दुपारी गल्ल्यावरच व्हतो. घंटी वाजलीच नाई."

सून म्हणाली, "लावला व्हता फोन."

"मग उचलला कोणी?"

तिने नवऱ्याकडे बघितले.

"पाहा," नणंद म्हणाली, "खोट्याले शब्द सुचत नाई."

खोटे बोलणारा नजर चुकवतो, असे आम्हाला शिकवलेले. पण ही माझी नजर चुकवत नव्हती. दर वेळी ती नवऱ्याकडे बघायची आणि मग तोंड मिटायची. मला ते वेगळे वाटले. साक्षीदार एकमेकांपासून दूर बसवावेत, हा साधा नियम मी विसरलो होतो. मी नवऱ्याला आणि नणंदेला बाहेर ओट्यावर बसायला सांगितले. शेजारणीला तेवढे जवळ थांबवून घेतले.

"त्याइले सांगू नका," सून हळूच म्हणाली. "फोन बाईनं उचलला."

"कोण बाई?"

"मले काय मालूम? दुकानातली. शिकलेली व्हती, शुद्ध बोले. म्या म्हटलं, मामाजीले बरं नाई, त्याइले लवकर धाडा. तर म्हणे, उपलब्ध नाही. म्या म्हटलं, आले का सांगजा. पण ते आपलंच बोलत राह्यली. म्हटलं, बाईमाणूस हाये, सांगीनच. म्हणून वाट पाहत बसली."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"चार लोकाइपुढं कसं सांगू, का माह्या नवऱ्याच्या दुकानात बाई बसते?"

आता माझा संशय नवऱ्यावर गेला. मी तडक नांदुऱ्याला जाऊन दुकानाची चौकशी केली. हमाल हसायलाच लागला. "इथं बाई? साहेब, धान्य निसायले दोन बुढ्या येतात. फोन वाजला का पयतात त्या!"

परतताना एसटीत एक शब्द डोक्यात घोळत राहिला. उपलब्ध. आमच्याकडे माणूस 'नाई' असतो, नाहीतर 'बाहीर गेला' असतो. अडत दुकानात 'उपलब्ध' कोण म्हणतो? मग ठरवले, अर्ज निकाली काढायचा तो फोन लावून बघितल्यावरच. तोवर सुनेला माहेरी पाठवू नका, असे मी निघतानाच बजावले होते.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला दुकानात फोनपाशी बसायला लावले आणि मी त्यांच्या घरी गेलो. सुनेला म्हटले, "त्या दिवशी लावला तसाच लाव." दुकानाचा नंबर भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला होता. मी तिच्या बोटाकडे बघत होतो. एकही आकडा चुकला नाही. तिने ऐकले, आणि तिचा चेहरा उतरला.

"तीच हाये, साहेब."

मी रिसिव्हर घेतला. "या टेलिफोनवर ही सुविधा उपलब्ध नाही." यंत्रात भरलेला आवाज होता तो. मी रिसिव्हर तसाच नणंदेच्या हातात दिला.

"हॅलो? कोन बोलते? अवो बाई, माह्या भावाले द्या न! आयकून तं घ्या!" मग ती थांबली. "हे तं तेच तेच बोलून राह्यली."

टेलिफोन ऑफिसात खुलासा झाला. म्हातारे गेले त्याच आठवड्यात गाव नव्या एक्स्चेंजवर टाकले होते. जोडणीत चूक झाली आणि शेजारच्या नांदुऱ्याचे नंबर एसटीडी, म्हणजे लांब पल्ल्याचे, धरले जाऊ लागले. या घरच्या फोनची एसटीडी नवऱ्यानेच बंद करून घेतलेली. आल्यागेल्याने लांबचे फोन करू नयेत म्हणून तसे बरेच जण करत. नांदुऱ्याहून येणारे फोन नीट लागत, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. "बघतो" म्हणणाऱ्याच्या टेबलापुढून मी उठलो नाही. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा त्या घरी गेलो, दुकानाचा नंबर लावला आणि नवऱ्याचा "हॅलो" स्वतः ऐकला.

नणंदेने दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. माफी मागितली नाही. वहिनीला एवढेच म्हणाली, "चहा मांड, साहेब कधीचे बसून हायेत."

मी निघालो तेव्हा सून दारापर्यंत आली.

"साहेब, मंग दुकानात बाई नाईच न?"

"नाही, पोरी. कोणीच नाही."

तिने मोठा श्वास सोडला. मग एकाएकी दाराची चौकट धरून खाली बसली. इतक्या दिवसांत ती माझ्यासमोर रडली नव्हती, ती आता रडू लागली.

"म्हणजे मामाजीचं म्या कोनालेच सांगतलं नाई."

मी आतून नणंदेला बोलावून तिच्यापाशी बसवले.

तक्रारीत तथ्य नाही, असा अहवाल मी दिला. पुढच्या नोकरीत कोणाचे बयाण खोटे ठरवण्याआधी मी एक प्रश्न जास्त विचारू लागलो: तुम्ही नेमके काय ऐकले, त्याच शब्दांत सांगा. नवरा म्हणाला घंटी वाजली नाही. बायको म्हणाली फोन लावला. आम्ही सगळे त्यातला खोटा माणूस शोधत बसलो होतो. त्या घरात खोटे कोणीच बोलले नव्हते.