पत्र्यापलीकडचे पाढे

सीमेवरच्या आमच्या शाळेत मराठीचा आणि तेलुगूचा वर्ग एकाच लांबोळक्या खोलीत भरतो. मधे पत्र्याची भिंत. मराठीचा वर्ग माझा. यंदा पहिलीत एकही मूल आलं नाही तर तो बंद होणार, असं वरून कळलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, मुलं वाचताना दाखवा आणि व्हिडिओ आसपासच्या गावांच्या ग्रुपवर टाका. म्हणजे शिकवायचंही मी आणि जाहिरातही मीच करायची.

एका रविवारी लॅपटॉप मांडून बसले. प्रत्येक मुलाची वेगळी क्लिप. एक पोरगा कानठळ्या बसतील असा वाचतो, तर त्याच्या पुढची पोरगी ओठांतल्या ओठांत. त्याचा आवाज खाली ओढला, तिचा वर चढवला, तर तिच्यासोबत पत्र्यापलीकडचे तेलुगू पाढेही वर आले. पाढे दाबले की पोरगी बुडायची. सगळ्या क्लिपा एका पातळीवर आणायचं बटण असतं, तेही दाबून पाहिलं. त्यानं इमानेइतबारे सगळ्यांच्या मागचे पाढे सारखे मोठे केले.

दुपारचं जेवण गार झालं, मान आखडली. त्या पाढ्यांचा मला भयंकर राग आला होता. तिकडच्या लेकरांचा काय दोष, हे कळत असूनही आला होता. शेवटी कंटाळून व्हिडिओ होता तसाच पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी जवळच्या तलमडुगू गावाकडच्या एका भाजीवाल्याचा फोन आला. घरचं बोलणं मराठी, पण पोरीला इंग्रजी शाळेत टाकायचं त्याचं जवळजवळ ठरलं होतं.

"मॅडम, तुमच्या व्हिडिओत मांगून तेलुगू ऐकू येऊन राह्यलं."

"तो बाजूचा वर्ग आहे भाऊ. मधे नुसता पत्रा आहे," मी ओशाळून म्हटलं.

"रोज असंच ऐकू येते काय?"

"रोजच."

"मंग आमी तुमच्याच वर्गात टाकतो पोरीले. बाजारात दोनी भाषा लागते."

हसावं की रडावं कळेना. मी फक्त बरं म्हटलं.

जूनमध्ये तो पोरीला घेऊन आला. पहिलीत ती एकटीच. मी तिला माझ्यासमोर पुढच्या बाकावर बसवलं. त्यानं तिला हाताला धरून उठवलं आणि पत्र्याला लागून बसवलं.

"इथं बस," तो म्हणाला. "इकडचं बी ऐक, तिकडचं बी ऐक."

पलीकडे पाढे सुरू झाले. मी फळ्यावर अ काढला आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं वाचून दाखवला.