पडल्यानंतरचा वार

वकिलाच्या ऑफिसात खटले निकाली निघतात, किस्से नाही. ते फाइलींसारखे साठत जातात आणि खालचा ओढायला गेलं की वरचे सगळे अंगावर येतात. नारायणगुड्यातल्या आमच्या ऑफिसात माझा नवरा अनंत आणि मी, दोघंही फौजदारी वकील. त्यामुळे ढीग जरा मोठाच!

स्वतःला वाचवण्यासाठी मारलं, असं सांगणारा अशील आला की अनंत त्याच्या हातात लाकडी रूळ द्यायचा. स्वतः काळा कोट घालून समोर उभा. "मी मयत! कसं मारलंत, दाखवा." रूळ लागला की धाडकन पडायचा आणि अशील पुढे काय करतो ते पापण्यांच्या फटीतून बघायचा. "अंगावर येणाऱ्याला मारलं तर बचाव, पडलेल्याला मारलं तर गुन्हा," असं त्याचं सोपं गणित होतं. उठल्यावरचं वाक्यही ठरलेलं. "चला, आता चहा!"

*

कोठीच्या बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान असलेले एक सभ्य गृहस्थ. चाकू घेऊन आलेल्याला एकच फटका मारला म्हणाले. दाखवतानाही एकच मारला. अनंत पडला. गृहस्थ शांतपणे वळसा घालून त्याच्या डोक्याशी बसले आणि रूळ पुन्हा उचलला.

"अहो, मी मघाशीच मेलोय!" अनंत खालून ओरडला.

ते रुळाकडे बघत राहिले. "हो ना," म्हणाले, "तोही असंच काहीतरी म्हणत होता."

*

पुण्याहून आलेला एक आयटीवाला. "सर, शेजारी धमक्या देतो. मॅक्झिमम किती मारणं अलाउड आहे?"

"घरून ठरवून निघालात तर शून्य!"

मुलगा हसला. जाताना पिशवीतली कोरी बॅट आमच्या दाराआड ठेवून गेला. "नंतर नेतो."

बॅट अजून तिथेच आहे. त्याच्या फ्लॅटला कुलूप आहे. शेजाऱ्याच्याही.

*

अशरफभाई रिक्षावाले. लुटायला आलेला पळाला, तर यांनी पाठलाग करून त्याचा पाय मोडला. अनंत ऑफिसातून पळत सुटला. "या माझ्या मागे! भीती संपली तिथे थांबा!"

अशरफभाई जिन्यापाशी थांबले. "यहाँ तक डर था, साब. आगे गुस्सा."

अनंतने तिथे खडूची रेघ ओढली. ती कधीच पुसली गेली. पण आजही तावातावाने येणारी माणसं नेमकी तिथेच अडखळतात.

*

गेल्या थंडीत एका सकाळी अनंत उठला नाही. डॉक्टर येईपर्यंत मी दोन कप चहा करून ठेवला होता.

*

मागच्या महिन्यात नल्लकुंट्याच्या शांताबाई आल्या. डबे करून देतात. भाडेकरूने गळा धरला, त्यांनी हाताला आलेला बत्ता मारला. तो मेला. डोक्यावर घाव दोन. दुसरा पडल्यावर घातला, असं पोलिसांचं म्हणणं. ते खरं ठरलं तर बाई जन्मभर आत.

"तो परत उठत होता, म्याडम," त्या म्हणाल्या.

सगळेच असं म्हणतात. मी रूळ दिला. अनंतचा कोट स्टँडला टांगलेला होता. "हा भाडेकरू समजा."

त्यांनी मारलं. स्टँड आडवा झाला, कोट फरशीवर पसरला. शांताबाई रूळ धरून उभ्याच.

"दुसरा?" मी विचारलं.

"उठू तर द्या. उठल्याशिवाय कसं मारू?"

माझा विश्वास बसला. आता त्यांना बसवायला हवं होतं. पंखा बंद होता. आम्ही दोघी कोटाकडे बघत उभ्या राहिलो. बराच वेळ.

मग शांताबाई एक पाऊल मागे सरकल्या आणि त्यांचा हात झपकन वर गेला.

मी तो घट्ट धरला.

"मारू नका," मी म्हटलं. "साहेब आता चहा मागतील."