उपासाच्या माणसाचा ग्लास

आज सकाळी नेरच्या बसस्टँडवर एका मावशींच्या हातगाडीवर पोहे घ्यायला गेलो. मावशी उष्ट्या प्लेटा एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात बुचकळून पुन्हा त्याच प्लेटांत पोहे वाढत होत्या.

सांगायला जीभ रेटेना. म्हणालो, "राहू द्या मावशी, उपास हाय आज."

"मंग पयलेच सांगा ना भाऊ! पाणी तरी घ्या. थांबा, उपासाच्या माणसाले खरकट्या हातानं देऊ काय?"

त्यांनी साबणानं हात धुतले, कॅनच्या पाण्यानं ग्लास विसळला आणि मला दिला. शेजारी एक बाई त्या बादलीतून निघालेल्या प्लेटमधले पोहे लेकराला भरवत होती.

"मावशी, असेच हात सगळ्यांसाठी धुवा," एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात बस लागली आणि मी चढलो. देवाच्या नावानं खोटं बोललो, याची दिवसभर चुटपुट आहे.

तुम्ही त्यांना न दुखावता कसं सांगितलं असतं?