ख्वात सरांचे कोरे पेपर

सा डेक गावी कालव्याकाठी ख्वात सरांची गणिताची शिकवणी चालायची, आणि माणूस महाचिकट! पैशाला नाही हो, पेपरांना. कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेसाठी शिक्षण मंत्रालय जे नमुना पेपर काढायचं, ते सरांच्या कपाटात कुलूपबंद. तीन आठवड्यांनी एक मिळायचा, तोही घड्याळ लावून. मधले दिवस काय करायचं? चुकलेली गणितं उगाळायची. बाजारातल्या क्लासची पोरं रोज एक पेपर उडवायची, आणि इकडे सरांची विद्यार्थिनी त्राम एकाच चुकीशी डोकं फोडत बसायची.

त्रामला औषधशास्त्राला जायचं होतं. नंबर लागला नाही तर मावशीबरोबर सायगॉनकडच्या बुटांच्या कारखान्यात, हे आईनं सांगून टाकलं होतं. आईची नूडल्सची गाडी. पोरीला आणखी एक वर्ष घरी बसवायची तिची ऐपत नव्हती.

शेवटी त्रामचा धीर सुटला. झेरॉक्सच्या दुकानातून तिनं मागचे सगळे नमुना पेपर आणले आणि दोन-दोनदा सोडवून फस्त केले. दहापैकी नऊ गुण! आईनं बदकाची पेज रांधली आणि गल्लीभर सांगत सुटली.

सर रागावले नाहीत. त्यातलंच एक गणित घेऊन त्यांनी आकडे बदलले आणि कागद पुढे सरकवला. त्रामच्या हातानं आपसूक जुन्याच 'क' पर्यायाला गोल केला.

"कसं काढलंस?"

त्राम आकडे पुन्हा वाचायला लागली.

"अगं बये, गणित नाही आलं तुला, उत्तर पाठ झालंय. हे पेपर आता वाया गेले."

ती हमसून हमसून रडायला लागली. "मग मी काय करू, सर?"

"रडून घे आधी. मग चुका काढायला बस. यंदाचा नमुना पेपर निघायचाय अजून. त्याला हात लावलास तर याद राख!"

यंदाचा पेपर निघाला तेव्हा अख्खं गाव त्यावर तुटून पडलं. त्राम मात्र जुन्याच चुका निस्तरत होती. कुठे घाई नडली होती, कुठे सूत्र कच्चं होतं, कुठे प्रश्नच धड वाचला नव्हता. मग एका रविवारी सकाळी सरांनी तो पेपर तिच्यापुढे ठेवला आणि स्वतः समोर बसून खुशाल केळी खाल्ली. परीक्षेच्या दिवसांत केळं खाल्लं की पोर घसरतं, म्हणून आयाबाया ते घरात येऊ देत नाहीत, आणि हा बाबा बघा!

सात गुण पडले.

"नवाचे सात झाले?" आई कळवळली.

"ताई, ते नऊ झेरॉक्सवाल्याचे होते. हे सात तिचे आहेत."

परीक्षा झाली, आणि निकालाच्या दिवशी त्रामचं नाव औषधशास्त्राच्या यादीत लागलं. सायकल पिटाळत ती सरांकडे आली, तर सर ओसरीवर नव्या पोरांचा पेपर घेत बसलेले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बस तिथं, गुमान. त्यांना हा पेपर पुन्हा कोरा मिळायचा नाही."

पोटात आनंद मावत नव्हता, तरी ती पायरीवर दीड तास मुकाट बसली. वेळ संपली तसे सर उठले, पेपर गोळा करायचेही विसरले आणि तिच्याजवळ आले. "लागला ना गं नंबर?" एवढंच म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले.

सरांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्रामचं आता बाजारात औषधांचं दुकान आहे आणि संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसते. पण त्या पायरीवर आणखी एकदा दीड तास गप्प बसायला मिळणार असेल, तर भर गर्दीत शटर ओढून ती धावत सुटेल.