कुलुपाचं सांग, खाला

जुबेदाखालाचा जीव दिग्रसच्या एका जिनिंगात गेला. जेवणाची सुट्टी संपली, सरकी वेगळी करणारे रेचे पुन्हा सुरू झाले आणि पहिलाच कापूस आत सरकला, तेव्हा. त्या वेळी मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण गेले काही आठवडे गावात वेगळंच ऐकू येतंय. दार म्हणे नुसतं लोटलेलं होतं, बाया उगाच घाबरल्या, आणि खालाला आधीपासून दमा होता. दमा होता, खरं आहे. रुईच्या धुळीत उमर काढलेल्या बाईला दुसरं काय होणार? पण दम्यानं दाराला कुलूप लागत नाही.

बातमी आली तेव्हा मी यवतमाळला होते, मजूर बायांसाठी पत्रकं छापून घ्यायला. सुमनकाकूचा फोन आला. काकू खालाच्या शेजारी बसून कापसातला कचरा वेचायची, वर्षानुवर्षं. ती एवढंच म्हणाली, "जिनिंग पेटली. खालाले तिकडंच आणून राह्यले, तू दवाखान्यात जाय." गाडी यायच्या आत मी दवाखान्याच्या दारात उभी होते. खालाला उतरवलं तेव्हा अंगावर भाजल्याची खूण फारशी नव्हती. धूर आत गेला होता. भुवयांवर रुई तशीच होती, आणि डोळे माझ्याकडे बघत होते की छताकडे, ते मला आजही सांगता येत नाही...

बारावीनंतर एक हंगाम मीही त्याच जिनिंगात होते. कापसाला भाव नव्हता, गावोगावचे लोक मजुरीला दिग्रसला येत होते, त्यामुळे एक बाई बोलली की तिच्या जागी फाटकावर दहा उभ्या. म्हणून कोणी बोलत नसे. मागच्या दाराबद्दल तर नाहीच. बाया लघवीला त्या दारानं जातात आणि पदरात कापूस नेतात, असा मालकाला संशय. कामाची पाळी सुरू झाली की मुकादम कुलूप घालायचा आणि चावी खिशात. आम्ही पाणी कमी प्यायचो. समोरच्या दारात कापसाचा ढीग, मागच्या दाराला कुलूप, मध्ये आम्ही.

खालाच्या घरी टीव्ही होता. त्यावर दर रविवारी सकाळी एक जुनी परदेशी मालिका लागायची, हिंदीत केलेली, अंतराळातल्या जहाजाची. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, आम्ही तिला 'जहाज' म्हणायचो. आमच्यापैकी बाकी कोणी ती पाहिली नाही. सोमवारी भाकर खाऊन झाली की खाला तोंडावर बांधलेली ओढणी सोडायची, कापसाच्या गंजीला टेकायची आणि कालचा भाग सांगायची. जहाजाला दोन मजले. वरच्या मजल्यावर कप्तान बाई आणि तिची माणसं, खालच्या मजल्यावर भट्टीत इंधन टाकणारे. दोन्हींच्या मध्ये एक दार, कधीकाळच्या रोगराईच्या भीतीनं कुलूप लावलेलं. रोगराई सरली, पण कुलूप तसंच. दर भागात जहाज नव्या ग्रहावर उतरायचं, तिथं लढाई व्हायची, हिरव्या कानांची माणसं भेटायची. "पुसदकडले दिसते," खाला सांगायची, आणि पुसदच्या माहेरच्या बाया तिला रुईचे गोळे फेकून मारायच्या.

पण आम्हाला ग्रहांचं काही पडलं नव्हतं. खाला लढाई रंगवायला लागली की सुमनकाकू तिला अडवायची, "ते राहू दे वं. कुलुपाचं सांग." त्या कुलुपाची गोष्ट दर भागात जराशीच पुढे सरकायची. एकदा चावी कोणाकडे आहे ते कळलं, एकदा खालच्या एका बाईनं दाराला कान लावला, एवढंच. पूर्ण हंगाम आम्ही त्या जराशावर काढला. काकूनं एकदा विचारलं, "येवढ्या मोठ्या जहाजात संडास कुठी असते, खाला?" खाला भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "खालच्या लोकायले नसते. आपल्यावानीच."

मग शेवटचा भाग आला. सोमवारी खालानं तो इतका सावकाश सांगितला की सुट्टी संपत आली तरी कोणी उठेना. खालच्या लोकांनी दार फोडलं नाही. भट्टीपासून उठले आणि दारासमोर बसले. कुलूप निघेल तेव्हा भट्टी पेटेल, म्हणाले. जहाज अंधारात थांबलं, आणि कप्ताननं स्वतः येऊन चावी फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तर बाया फाटकाबाहेर बसलेल्या. सगळ्या. आत कापसाच्या गाड्या येऊन लागत होत्या आणि वेचायला एक हात नव्हता. खाला घामानं भिजली होती. माझ्या कानात म्हणाली, "पोरी, मी तं गोष्ट सांगतली. ह्या तं खरंच बसल्या." हाताला काम नसेल तर तिची चूल पेटणार नव्हती, नवरा कधीचा गेलेला. मुकादमानं तिलाच हेरलं. कोणी शिकवलं, विचारलं. खाला उभी राहिली. "कोनी नाही शिकवलं, साहेब," ती म्हणाली. "टीव्हीत दाखवलं."

दुपारच्या आत कुलूप निघालं. पुढं कितीतरी हंगाम ते दार उघडं राहिलं.

यंदा नवा मुकादम आला आणि कुलूपही आलं. खाला त्याच्याकडे दोनदा गेली. दुसऱ्यांदा त्यानं तिला उद्यापासून येऊ नको म्हटलं, आणि संध्याकाळी परत बोलावलं, कारण तिच्याइतका स्वच्छ कापूस कोणी वेचत नाही. मग तो दिवस. कापसातला खडा रेच्यात गेला, ठिणगी उडाली. पुढचा ढीग पेटला, बाया मागे पळाल्या. दार हलेना. काकू सांगते, खालानं भिंतीच्या टिनाचा पत्रा खालून उचलून धरला आणि एकेकीला बाहेर सरकवलं. सगळ्या निघाल्या. पत्रा बाहेरून उचलला जाईना, आणि तिच्यासाठी तो धरायला आत कोणी उरलं नाही.

दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो तेव्हा काकूजवळ मी जहाजाची आठवण काढली. ती म्हणाली, "तो शेवटचा भाग खालानं पाह्यलाच नव्हता. त्या रविवारी सकाळपासून अख्ख्या दिग्रसची लाइन गेलती. आमाले का माहीत नव्हतं? सगळ्यायले माहीत होतं."

"मग बसल्या काहून?"

"तिनं सांगतलं ते आमाले पटलं, म्हणून."

आता त्याच बायांच्या घरी मालकाची माणसं जातायत. दार उघडं होतं, एवढं म्हणा, हंगामभर काम पक्कं. काकूनं नाही म्हटलं. तिचं काम गेलं. इतर बायाही अजून नाहीच म्हणतायत, पण किती दिवस म्हणतील ते मला माहीत नाही, कारण जिनिंग पुन्हा सुरू होणार आहे आणि त्यांना पोरं आहेत.

तुम्ही हे रविवारच्या पुरवणीत वाचताय, चहा घेत. तुमच्या गावातही जिनिंग असेल. उद्या कामाची पाळी सुरू झाल्यावर तिच्या मागच्या बाजूला जा आणि दार ढकलून पाहा. उघडलं नाही तर चावी येईपर्यंत तिथून हलू नका.