मशीनचा डोळा डाव्या अंगाला

राग अजून गेलेला नाही. म्हणून आधीच सांगते, आज गोड काही लिहिणार नाही.

आम्ही खान्देशातले भोई, तापीकाठचे मासेमार. यंत्रमागावर काम करायला सुरतेत आलो. बमरोलीत मागाच्या खडखडाटानं आमच्या यांचे कान अर्धे गेले, पण डोक्यातलं पाणी काही गेलं नाही. शेवटी हजिऱ्याकडे, तापी समुद्राला मिळते तिथे, फायबरची लहान होडी घेतली. होडी हे आणि मुलगा चालवतात. जाळं मात्र माझं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा दारात बसून मी अख्खं जाळं सांधून नव्यासारखं करते. यंदाही केलं. बोटांची सालं निघाली.

यंदा मुलानं मासे दाखवणारं मशीन आणलं. पडदा वर, इंजिनापाशी. त्याचा डोळा होडीच्या मागच्या फळीला, पाण्याखाली बसवायचा. तो खाली आवाज सोडतो, आवाज माशाला आपटून परत येतो, की पडद्यावर चित्र उमटतं. डोळ्यासमोर फेस नको, इंजिनाच्या पंख्याजवळ तर नकोच. बापलेक मोबाइलवर तेच तेच व्हिडिओ लावायचे, त्यामुळे मलाही पाठ झालं. इंजिन मधोमध, म्हणजे जागा दोनच, डावी नाहीतर उजवी.

आता उजवीकडे आहे कुंकवाचा पंजा. आमच्या घरची रीतच आहे, घरच्या बाईनं तेलात कालवलेल्या कुंकवाचा हात मागच्या फळीवर उजव्या अंगाला उमटवायचा. ती तापीमाईची जागा. तिथे भोक कसं पाडायचं, म्हणून यांनी डावीकडे पाडलं.

ओहोटीला होडी चिखलावर बसली होती. मी डबा घेऊन गेले तर डोळा बसवूनही झालेला. म्हटलं, अहो, तुम्ही उजवीकडे बसून इंजिन धरता, जाळं वर येतं ते डावीकडून. डोळा धरणाऱ्या त्या लोखंडी पट्टीत अडकणार ते. मुलगा हसला. सुरतेचा झालाय, गुजरातीत म्हणे, "मम्मी, तू रेवा दे ने," म्हणजे तू राहू दे. आणि हे म्हणाले, "तिकडे माय शे. तुले काय समजस व त्यामा?"

दुसऱ्या दिवशी जाळं घरी आलं ते गाठोडं होऊन. उलगडलं तर मधून म्हैस जाईल एवढं भगदाड. अडकलेलं जाळं मुलाला जड लागलं, मोठा मासा आला म्हणून त्यानं जोर लावून ओढलं. मशीननं मासे दाखवले खरे, ते फाटक्यातून निघूनही गेले. यावर हे काय म्हणाले असतील? तापीमाईची मर्जी.

तिथे माझं डोकं फिरलं.

"माईला मध्ये घालू नका," मी म्हटलं. "पंजा कोणाचा आहे तो? माझा. कुंकू मी लावते, ओटी मी भरते. तिथे भोक पाडू का, असं मला कोणी विचारलं?"

मुलगा पुटपुटला की पप्पाच नको म्हणाले.

"पप्पांचा हात आहे का तो?"

पुढच्या ओहोटीला मी स्वतः चिखल तुडवत गेले, चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि पंजा पुसून काढला. मुलाला म्हटलं, पाड इथे. यांनी तोंड फिरवलं, पण ड्रिलची वायर हातात धरून उभे राहिले. डोळा उजवीकडे गेला, डावीकडची भोकं बुजवली.

आता मशीन झकास चालतं म्हणे. होडी जुनं, विटकं जाळं घेऊन जाते, आणि बिनपंजाची जाते, म्हणून यांचा जीव टांगणीला. रोज निघताना विचारतात, आज उमटवतेस का? मी सांगते, आधी जाळं सांधून होऊ दे.

आणि जाळं मी सावकाश सांधतेय.