ओन मावशींचे माठ

ओन मावशींच्या दारापुढे, कडुनिंबाखाली, घडवंचीवर दोन माठ असतात. वाटसरूंनी पाणी प्यावं म्हणून. असे माठ इथे ब्रह्मदेशात, आमच्या मोनिवात, बऱ्याच घरांपुढे आहेत, पण घडवंचीच्या फळीवर गेलेल्या नवऱ्याचं नाव रंगवून घेणाऱ्या मावशी एकट्याच. रोज सकाळी त्या माठ धुतात, भरतात आणि ते पुण्य नवऱ्याच्या, म्हणजे ऊ ता दिन यांच्या, नावाने मोठ्यांदा वाटतात. ऐकणाऱ्यांनी तीनदा ‘साधु’, म्हणजे ‘उत्तम झालं’, म्हणायचं. ऊ ता दिन ताडी पिऊन नदीत बुडाले. हयातीत दानधर्म शून्य. त्यांच्या पुढच्या जन्माची सारी भिस्त या दोन माठांवर.

उन्हाळा लागला आणि एका सकाळी मावशी बादली घेऊन गेल्या, तर माठ धुतलेले, काठोकाठ भरलेले. दुसऱ्या दिवशीही तेच.

“माझं पुण्य कोणीतरी चोरतंय,” मावशी माझ्या चुलीशी येऊन म्हणाल्या.

“पाणी भरून कोण चोरी करतं, मावशी?”

“माठ माझे, फळी माझी, आणि पुण्य भरणारीला. ते काही नाही, ती सेन यीच असणार.” शेजारच्या घराकडे त्यांनी हनुवटी उडवली. मग माझ्याकडे निरखून पाहिलं. “तूही हल्ली लवकर उठतेस.”

“मला माझाच माठ भरायचा कंटाळा येतो.”

“ते दिसतंय. शेवाळ धरलंय.”

तिसऱ्या दिवशी मावशींनी भरलेले माठ कडुनिंबाच्या मुळाशी ओतले आणि स्वतः भरले. गुडघे धरून बसल्या. चौथ्या दिवशी उजाडताच मला साक्षीला घेऊन दाराआड उभ्या राहिल्या.

डोक्यावर ताडगुळाची टोपली घेतलेली एक बाई आली. नदीपलीकडची असावी. टोपली उतरवून ती दोन पेले पाणी प्यायली, माठांत डोकावली, तळाचं पाणी झाडाला ओतलं. माठ काथ्याने घासले आणि कोपऱ्यावरच्या विहारातल्या विहिरीवरून दोन खेपा केल्या.

मावशी बाहेर आल्या. “कोणी पाठवलं तुला?”

बाई दचकली. “कोणी नाही, आई. इथवर येता येता घसा कोरडा पडतो. उरलंसुरलं मी पिणार, मग रिकामे ठेवून कशी जाऊ?”

“फळीवर नाव आहे, ते दिसलं नाही?”

“वाचता येत नाही मला.”

“मग पुण्य कोणाला वाटतेस?”

“वाटायचं राहूनच जातं. बाजार गाठायचा असतो.”

“म्हणजे ते तसंच पडून आहे?”

“असेल.”

“मग उद्यापासून ऊ ता दिन म्हणत जा.”

“कोण ते?”

“होते एक. तहान फार होती त्यांना.”

“बरं,” म्हणत बाईने टोपली डोक्यावर घेतली. नाव तिने सांगितलं नाही, मावशींनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक माठ भरलेला होता. दुसरा धुऊन पालथा ठेवलेला, मावशींसाठी. मावशींनी भरलेल्या माठाचा वास घेतला, बोट बुडवून चाखलं, मग बादली उचलली.

पुण्य वाटताना त्या दिवशी त्यांचा आवाज लहान होता. नवऱ्याच्या नावानंतर त्या थांबल्या, आणि “ती गूळवाली,” असं पुटपुटल्या.

मी माझ्या दारातून तीनदा साधु म्हटलं.

“ऐकत होतीस?” मावशींनी वळून विचारलं.